खाऱ्याक पाठ दिली

वालावलच्या पलीकडे, नदीची खाचरं संपली की चढ लागतो. चढून वर गेलं की माड-पोफळी खाली राहतात आणि एकदम उघडा काळा सडा समोर येतो. मधे करवंदीची जाळी, मधे काजूची चार झाडं, बाकी कातळ आणि वारा. या सड्याच्या कडेला ठाकरांची वाडी आहे. शेवंती महादू ठाकर तिथं राहते. वय विचारलं तर म्हणते, "दात मोज आणि तूच सांग."

बाहेरच्या माणसाला ती दिसते ती कुडाळच्या बाजारात. कुळीथ, करवंदं, नाहीतर दोन-चार सुपं पुढ्यात मांडून बसलेली, बारीक चणीची, घासाघीस करणाऱ्याकडे न बघता सुपाला हात लावून "ठेव मगे खाली" म्हणणारी. पण वाडीत लग्न ठरलं की पहिला निरोप शेवंतीला जातो, भटजीला मागाहून. कारण वाट तिला येते.

ही वाट काय ते सांगायला हवं, कारण ती या वाडीपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. लग्न होऊन मुलगी नव्या घराच्या उंबऱ्याशी आली की तिला आत घेण्याआधी मुलीकडच्या वडीलधाऱ्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून वाट म्हणायची. आपले पूर्वज कुठून निघाले, कुठल्या पाण्यावर थांबले, कोण कुठे मागे राहिलं, ते सगळं ओळीने. ज्या पाण्यावर जो मागे राहिला त्याला तिथून हाक मारायची, आणि वाडीच्या माणसांनी त्याच्या वतीने "ओ" द्यायची. आपली पोर कुठल्या घरात गेली हे त्यांना कळायला नको? एखादा थांबा चुकला, तर तिथं राहिलेला माणूस लग्नाला आलाच नाही असं धरतात.

वाट सुरू होते ती अशी:

"वरसून इलंव, डोंगराच्या धारेन इलंव. पाणी गावला थंय रवलंव, पाणी आटला तसे उठलंव. करवंदीच्या पाण्यार म्हातारी बसली. तिका हाक."

"ओ."

"उंबराच्या पाण्यार जुळी रवली. तेंका हाक."

"ओ."

म्हातारी बसली म्हणजे ती पुन्हा उठली नाही. जुळी रवली म्हणजे त्यांना तिथंच मातीत ठेवून पुढे जावं लागलं. वाघाच्या खिंडीत एकजण मागे राहिला, बाकीच्यांना पुढे जायला मिळावं म्हणून. एका पाण्यावर एक बाई रुसून राहिली, तिचं नाव नाही, पण रुसली होती एवढं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मग घाट उतरतात, आणि वाट सड्यावर येऊन संपते: "सड्यार चूल मांडली. खाऱ्याक पाठ दिली. ह्या उंबऱ्यार चेडू इला, बगून घेवा."

या पाण्यांची नावं नकाशात शोधून सापडायची नाहीत. पण शेवंतीला ती आपल्या विहिरीइतकी ओळखीची आहेत.

ती मूळची या वाडीची नव्हे. माहेर तिचं सावंतवाडीकडचं, ठाकरांचंच. बाप कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचा. लग्न होऊन ती महादूच्या दारात आली तेव्हा, दोन्हीकडचे ठाकरच म्हणून, माहेरची वाट म्हणून झाल्यावर सासरच्यांनीही आपली म्हटली, आणि डोक्यावरच्या पदराआडून तिने ही वाट पहिल्यांदा ऐकली. माहेरची वाटही जवळजवळ तीच होती, पण रुसलेली बाई तिच्यात नव्हती. ती आत गेल्यावर तिने सासूला पहिला प्रश्न विचारला तो हा: "ती रुसली कित्याक?" सासू म्हणाली, "नवी सून येता येताच प्रश्न इचारी, म्हणान." त्यावर दोघी हसल्या, आणि सासू-सुनेचं तिथून चांगलं जमलं.

महादू चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करायचा. पडद्याआड शेवंती दिवा धरायची. दिवा धरणं हे बघणाऱ्याला काम वाटत नाही, पण हात जरा हलला की पडद्यावरचा रावण थरथरतो आणि लोक हसायला लागतात. तिचा हात हलत नसे. चैत्रात, नवरात्रात देवळादेवळांतून खेळ असायचे. पुढे घराघरांत टीव्ही आले, खेळ कमी झाले. महादू काजूच्या बागेत राखणीला जायला लागला आणि बाहुल्या आढ्याला टांगल्या गेल्या. तो वारला तेव्हा मुलगा सुशांत कळता झाला होता. आता तो कुडाळात रिक्षा चालवतो. त्याची मुलगी अक्षया.

वाट म्हणायचा मान महादूच्या थोरल्या भावाचा, दत्तारामचा होता. काय आवाज त्या माणसाचा. नुसतं म्हणत नसे, हातानेही सांगत असे. कोणी मातीत राहिलं की तळवा जमिनीकडे, घाट उतरले की हात तिरका खाली. ऐकणारी पोरंही त्याच्याबरोबर हात हलवायची. एका पावसाळ्यात त्याला वारा मारून गेला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दोन महिन्यांनी वाडीत लग्न आलं. मुलगी उंबऱ्याशी उभी, आणि पुरुष एकमेकांकडे बघताहेत. कोणाला सुरुवात येत होती, कोणाला शेवट. मधल्या पाण्यांची नावं कोणालाच ओळीने येईनात. दत्तारामचा मुलगा गुरुप्रसाद पुढे झाला. तो वाघाच्या खिंडीपर्यंत गेला आणि तिथं अडकला.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "धारेच्या पाण्यार रुसलली रवली. तिका हाक."

शेवंतीलाही कळलं नाही आपण बोललो ते. पण एकदा तोंडातून निघाल्यावर मधे थांबणं हे सगळ्यांत वाईट, म्हणून ती शेवटापर्यंत म्हणत गेली. नंतर काहीजण कुरकुरले. बाईने वाट म्हणायची पद्धत नाही, त्यात ही बाहेरून आलेली. शेवंती म्हणाली, "बायलीच तर वाटेन येतत. तुमी पुरुष हंयच जल्माक येतास आणि हंयच मरतास. वाटेचा तुमका काय ठावक?" तेव्हापासून ती म्हणते. गुरुप्रसाद तेव्हापासून तिच्याशी जरा बेताने बोलतो.

ती वाटेतला शब्द बदलत नाही, आणि वाटेत नाही ते आपलं म्हणत नाही. मधे कॉलेजातली काही मुलंमुली सडा बघायला आली होती. कातळात जुन्या काळच्या लोकांनी कोरलेल्या आकृत्या असतात, तशा या सड्यावरही दोन-चार आहेत, एक माशासारखी, एक माणसासारखी. मुलांपैकी एकीने, समीक्षा नाव तिचं, मोठ्या आशेने विचारलं, "आजी, हे तुमच्याच पूर्वजांनी कोरलं असेल ना?" होय म्हटलं असतं तर मुलगी खूश झाली असती, आणि वाडीचं नावही झालं असतं. शेवंती म्हणाली, "आमच्या वाटेत तसा नाय. आमी इलंव तेवा ह्या आधीच हंय होता काय, आमीच केला, ता कोण सांगतला? वाटेत नाय ता माजा नाय."

"पण असू शकतं ना?"

"शेजाऱ्याचो फणसही माजो असू शकता. पण नाय मा?"

अशी ही बाई. म्हणून अक्षयाच्या लग्नाचा पेच तिच्यावर आला तेव्हा तो साधा नव्हता.

अक्षया मालवणला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथं तिची प्रितमशी ओळख झाली. प्रितम देवबागचा, कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथला. घरची होडी आहे, बाप मासे मारतो, हा सीझनला पर्यटकांना फिरवतो. दोन जातींचं लग्न, पण दोन्ही घरांत तसं मोठं वादळ उठलं नाही. सुशांतने दोन दिवस रिक्षा काढली नाही, तिसऱ्या दिवशी काढली. प्रितमच्या घरात सगळा कारभार त्याची आजी सत्यवती हिच्या हातात. मासळी विकून तिने तीन मुलगे वाढवले. तिचा आवाज मालवणच्या मासळी बाजारात या टोकाहून त्या टोकाला ऐकू येतो.

साखरपुड्याला ती सड्यावर आली आणि बसल्याबसल्याच म्हणाली, "बावल्यो नाचवणारे ते तुमीच काय? बरा झाला. आमचो प्रितम कोणाच्याच तालार नाचना नाय होतो."

तिच्याबरोबर आलेला एक नातेवाईक मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "तुमका सावंतांच्या राजान हंय हाडल्यान, असा म्हणतत. म्हणजे मूळचे तुमी हंयचे नाय."

वाडीच्या माणसांनी हे पूर्वीही ऐकलेलं होतं. शेवंती पोह्यांची बशी पुढे करत म्हणाली, "खेळ करूक राजान बोलवल्यान, ता खरा. पण राजा घाट उतारलो तेवा तेका पाणी खंय आसा ता कोणी दाखवल्यान, ता राजाकच इचारूक होया होता."

पहिली हसली ती सत्यवतीच. मिशीवाल्याला म्हणाली, "खा रे पोहे, गप."

साखरपुडा नीट पार पडला. पाहुणे गेल्यावर गुरुप्रसाद शेवंतीच्या पडवीत येऊन बसला.

"काकी, वाट म्हणतलंस?"

"म्हणतलंय. नात माजी."

"खंय? देवबागाक? वाटेत काय म्हणतत? खाऱ्याक पाठ दिली. आमच्या वडलांनी खाऱ्या पाण्याक पाठ फिरवली आणि सड्यार रवले. आणि तू थंय वाळूत उभी रवान तेंका हाक मारतलंस? ते येवचे नाय. आणि ज्या घराक वडलांनी पाठ दिली, तेच्याच उंबऱ्यार तू ती ओळ म्हणतलंस? ह्या घराक पाठ दिली म्हणान पोरीक आत धाडतलंस?"

त्याचं चुकत नव्हतं. आजवर वाडीतल्या मुली ठाकरांच्याच घरांत गेल्या होत्या, सड्यावर नाहीतर सड्याच्या वर. समुद्राकडे कोणी गेलीच नव्हती. त्यामुळे ती ओळ कोणाच्या उंबऱ्यावर कशी लागेल याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

"ती ओळ गाळूची," ती हळूच म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःचा राग आला.

"तूच गाळतलंस? मगे उद्या मी वाघाची खिंड गाळतंय. माका ती येतच नाय." गुरुप्रसाद उठला. "तसा केलंस तर आमी येवचे नाय. मी नाय, आणि माज्या मागून वाडी नाय."

त्या दिवसापासून शेवंतीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाट म्हटली तर घाव नातीच्या सासरावर. ओळ गाळली तर वाट मोडली. म्हटलीच नाही तर अक्षया आपल्या माणसांशिवाय त्या घरात शिरणार, मागे कोणी नसल्यासारखी. अक्षयाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, नको तर नको म्हणूया. रजिस्टर लग्नासारखं समज." पण सांगताना ती आजीकडे बघत नव्हती. लहानपणी दुसऱ्यांच्या लग्नात सगळ्यांत मोठ्याने "ओ" देणारी पोर ती.

लग्नाला थोडे दिवस राहिले तेव्हा शेवंती एसटीने देवबागला गेली, एकटीच. विहीणबाईला आधीच सांगावं, आमची माणसं कमी येतील, मनाला लावून घेऊ नका. आणि तो उंबरा एकदा डोळ्यांनी बघावा.

सत्यवती मागच्या अंगणात बांगडे चिरून त्यात मीठ भरत बसली होती. पलीकडे माडांमधून खाडी दिसत होती.

"ये गो विहीणबाय. हात मिठाचे आसत. जवळ घेवची नाय, नायतर तुजो खारो बांगडो होतलो."

"माका मिठाचाच भय आसा," शेवंती म्हणाली आणि दगडावर टेकली. प्रितमच्या आईने आतून चहा आणून दिला. मग तिने सगळं सांगितलं. वाट काय, हाक काय, शेवटी काय येतं. ती ओळ म्हणताना तिचा आवाज उतरला.

सत्यवतीने बांगडा खाली ठेवला. "म्हणजे तुमचे वाडवडील आमच्या दारात येवचे नाय? कित्याक, वास येता आमचो?"

"वास येता तो येता. पण ता कारण नाय."

"मगे बरा." सत्यवतीने पुन्हा सुरी उचलली. तिला पूर्वजांच्या गोष्टीत फार रस नसावा. "माणसां कमी येतली म्हणान रडा नको. आमचीय कमीच येतली. माजी पाठसुद्धा येवची नाय. तिचे गुडघे गेले."

"तुजी पाठ?"

"पाठ गो, माजी पाठ. माज्या पाठची भयण. वेंगुर्ल्याक दिली मा तिका. माज्या आवशीचा तसा होता. थोरली जवळ ठेवली, पाठ लांब दिली."

शेवंतीचा चहाचा कप तोंडाशी होता तो तिथंच राहिला.

"काय म्हटलंस?"

"काय म्हटलंय? गुडघे गेले."

"तेच्या मागसून."

"पाठ दिली. वेंगुर्ल्याक." सत्यवतीने तिच्याकडे नीट बघितलं. "तुमी नाय म्हणत तसा? आमच्या जुन्या बायली असाच बोलत. पाठचा भावंड ती पाठ. आता पोरां हसतत आमका."

खाऱ्याक पाठ दिली. शेवंती ती ओळ मनात पुन्हा म्हणून बघू लागली. वाटेत प्रत्येक पाण्याशी एक माणूस होता. म्हातारी, जुळी, खिंडीतला एकटा, रुसलेली. खाऱ्या पाण्याशीच तेवढं माणूस नव्हतं, नुसती पाठ होती. कोणाची पाठ, हे इतक्या वर्षांत तिने विचारलं नव्हतं. रुसलेल्या बाईबद्दल विचारलं होतं, आणि हे नाही. म्हणजे थोरल्याने सड्यावर चूल मांडली. धाकटी खाऱ्या पाण्यावरच्या घरात दिली. मागे राहिलेल्यांना हाक मारतात, दिलेल्या मुलीला कशाला मारतील? ती मेली नव्हती, हरवली नव्हती, आपल्या घरी नांदत होती. म्हणून त्या ओळीला हाक नाही.

"बरी आसंस मा?" सत्यवतीने विचारलं.

"तुज्या आवशीक बरा बोलूक येय होता," शेवंती म्हणाली.

पण एसटीत बसल्यावर तिला भीती वाटू लागली. हे फारच सोयीचं होतं. नातीचं लग्न अडलं होतं आणि नेमका तेव्हाच शब्दाने अर्थ बदलला. त्या समीक्षाला ठणकावून सांगणारी मी, वाटेत नाय ता माजा नाय, आणि आता मला हवं ते वाटेत घालतेय की काय? मालवणहून कुडाळपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, पण दिसत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दत्तारामकडे गेली. तो अंगणात खुर्चीत बसलेला असतो. डोळे जागे, तोंड वाकडं, डावा हात तेवढा चालतो. गुरुप्रसाद तिथंच काजूच्या बिया वाळत घालत होता.

"भावजी," शेवंती पदर सावरून म्हणाली, "मी वाट म्हणतंय. तुमी हातान म्हणा. पयल्यासारखी."

दत्तारामच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती म्हणू लागली. करवंदीच्या पाण्यावर त्याचा डावा तळवा हळूहळू जमिनीकडे गेला. जुळ्यांना गेला. खिंडीतल्या माणसाला गेला. रुसलेल्या बाईला त्याने बोटं झटकली, तशी तो पूर्वी झटकायचा, आणि गुरुप्रसादला हसू आलं, कारण लहानपणापासून त्याला ते आवडायचं. घाटाशी हात तिरका उतरला. चुलीशी मूठ मिटली.

"खाऱ्याक पाठ दिली," शेवंती म्हणाली, आणि पुढचं काही बोलली नाही.

दत्तारामचा हात पुढे आला. पाण्याला लोटून द्यायचं तर तळवा बाहेरच्या बाजूला हवा. तो तसा नव्हता. आभाळाकडे होता. मुलीचा हात दुसऱ्याच्या हातात देताना बाप धरतो तसा, खोलगट.

शेवंतीने गुरुप्रसादकडे बघितलं आणि सत्यवतीच्या अंगणात काय ऐकलं ते सांगितलं. गुरुप्रसादने हातातल्या बिया खाली ठेवल्या आणि बापाचा हात न्याहाळला.

"बाबांचो हात आता वाकडोच जाता," तो म्हणाला.

"मगे इतको येळ कसो सरळ गेलो?"

"पयलीसून ते तसोच धरत?"

"तू सांग. तू तेंच्या फुड्यात वाढलंस. मी पदराआड होतंय."

गुरुप्रसादने आठवून बघितलं. त्याला आठवत होतं की नव्हतं ते त्याने सांगितलं नाही. तो पुन्हा बियांकडे वळला. "एका शब्दाचो कसलोय अर्थ लागता," तो पुटपुटला. दत्तारामने शेजारची काठी डाव्या हाताने उचलली आणि मुलाच्या पोटरीला टोचली. हे उत्तर कशाचं ते समजायला मार्ग नव्हता, पण गुरुप्रसाद पोटरी चोळत बिया पसरू लागला.

लग्न मालवणच्या एका हॉलमध्ये सकाळी लागलं. उन्हं कलली तेव्हा वरात देवबागला पोचली. सड्यावरून दोन जीप भरून माणसं आली होती. गुरुप्रसादही आला, पण घराच्या आवारात शिरला नाही. गडग्याबाहेर माडाला टेकून उभा राहिला, चपला पायातच. वाडीची निम्मी माणसं त्याच्याकडे बघत होती, निम्मी शेवंतीकडे.

अक्षया उंबऱ्याशी उभी राहिली. उंबऱ्यावर तांदळाचं माप. आत सत्यवती आरतीचं तबक घेऊन, नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून उभी होती. मागे कोळणींची गर्दी, आणि हे काय आता नवीन म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. मिशीवाले पाहुणेही होते.

शेवंतीने ठरवलं होतं. शब्द बदलायचा नाही. गाळायचा नाही. आणि हाकही घालायची नाही. वाडवडलांनी घातली नाही ती घालणारी मी कोण? मी जसं ऐकलं तसं म्हणेन, मग ज्याला जे ऐकू यायचं ते येवो.

"वरसून इलंव, डोंगराच्या धारेन इलंव."

आवाज पहिल्या शब्दालाच लागला. दिवा धरणाऱ्या हातासारखा स्थिर झाला. करवंदीच्या पाण्यावरून म्हातारीला हाक गेली आणि वाडीची "ओ" आली, थोडी दबकत. जुळ्यांच्या वेळी ती मोठी झाली. वाघाच्या खिंडीशी देवबागची माणसं कुजबुजायची थांबली. समोर समुद्राचा आवाज होता, आणि तिला वाटलं, हा आवाज या वाटेने याआधी कधी ऐकला असेल का? रुसलेल्या बाईच्या हाकेला अक्षयानेच "ओ" दिली, नवरीने बोलू नये हे विसरून. आतल्या बायका हसल्या.

शेवंती घाट उतरली. सड्यावर तिने चूल मांडली. मग तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर, जसा दत्तारामचा होता तसा.

"खाऱ्याक पाठ दिली."

इथं हाक नाही. इथं कोणी "ओ" देत नाही. गडग्याबाहेर गुरुप्रसादने मान खाली घातली. मिशीवाल्याने शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. शेवंती पुढची ओळ म्हणायला श्वास घेत होती, तेवढ्यात आतून, उंबऱ्याच्या पलीकडून, मासळी बाजारातला तो आवाज आला.

"ओ."

सगळ्यांनी वळून बघितलं. सत्यवती तबक सांभाळत उभी होती. "ओ" द्यायला कोणी सांगितलेलं नव्हतं तिला. शेवंतीने तर मुळीच नाही.

"आसंय गो हंय," ती म्हणाली. "कधीची दारात उभी आसंय. तुमकाच इतको येळ लागलो."

कोणी हसलं नाही. शेवंतीचा हात तसाच पुढे राहिला होता. सत्यवतीने तबक प्रितमच्या आईकडे दिलं, उंबऱ्यावरून हात पुढे करून तो धरला, आणि दुसऱ्या हाताने अक्षयाचा. मग शेवंतीने शेवटची ओळ म्हटली, "ह्या उंबऱ्यार चेडू इला, बगून घेवा," आणि वाडीने जी "ओ" दिली ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल. तिच्यात गुरुप्रसादचा जाडा आवाज होता. शेवंतीने तो बरोबर ओळखला. अक्षयाने माप ओलांडलं.

जेवणं झाली. रात्र फार व्हायच्या आत जीप परत निघाल्या. पाठ म्हणजे पाठची बहीण, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं होतं, आणि वाटेत माणसं भांडत होती. कोणी म्हणत होतं हे खरंच, आपली बहीण समुद्रावर होतीच, म्हणून तर आपल्याला सुक्या मासळीशिवाय जेवण जात नाही. कोणी म्हणत होतं, शब्दाचे खेळ सगळे. गुरुप्रसाद शेवंतीच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काकी, पण खरा काय? पाठ म्हणजे भयण, काय फिरवली ती पाठ?"

"माका काय ठावक," शेवंती म्हणाली. "मी थंय नाय होतंय."

"मगे?"

"मगे काय? मी इचारूक नाय गेलंय. थंयसून ओ इली." ती सावरून बसली. अंग दुखत होतं, पण मान ताठ होती. "आणि गुरू, आता माजा वय झाला. वाघाच्या खिंडीच्या फुडली वाट उद्यापासून सकाळी येवन शिकान घे. तुका येवक होयी."

"उद्या नको, काकी. उद्या बिये इकूक जावचा आसा."

"मगे परवा."

"परवा येतंय," तो म्हणाला, आणि जीपच्या दांड्याला घट्ट धरून, चढ सुरू झाला तसा, हळू आवाजात स्वतःशीच म्हणून बघू लागला.